दोन तासांत कडी

सारेमा बेट. चर्चमागच्या गवतात सात ऐरणी.
दाराची कडी घडवायची, दोन तासांत.
शेजारचा लेम्बित एकदाच बोलला,
"तुझा कोळसा दमट आहे,"
आणि आपल्यातला घमेलंभर ओतून गेला.

लाल, मग पिवळं, मग
नको तितकं पांढरं.
फुलबाजीसारखं तडतडलं लोखंड,
जोड सुटला.
अकरा मिनिटं उरलेली.
हातातल्या तुकड्याला पीळ दिला, भोक पाडलं,
टोक वळवलं : आकडा.
परीक्षकांनी वही उघडलीच नाही.

संध्याकाळी सगळ्यांची कामं एका फळीवर,
सालमेची पळी, कुणाचा तरी बेडूक,
कडेला माझा आकडा, मेणाचा वास येणारा.
लेम्बितनं खिशातून खिळा काढला,
तो तिथल्याच खांबाला ठोकला,
स्वतःचा भिजलेला कोट टांगला
आणि जेवायला गेला.

कोट जड होता.
मी बघत राहिले, जरा जास्तच वेळ.