मधातले सोळा

टेम्पोतून गठ्ठे उतरले तेव्हा पोरं धावली,
त्यांना वाटलं बुढीचे बाल आले.
गुलाबी, फुसफुशीत, सहा इंच दोन सूत जाड.
रज्जाक मिस्त्रीनं हात लावला
आणि दिवसभर कोपरापर्यंत खाजवत बसला.
काचेची लोकर. कुठून तरी दान आलेली,
सावळी खुर्दच्या अंगणवाडीच्या टिनाखाली घालायला.

वेष्टणावर छापलं होतं: आर एकोणीस.
माझ्या पोर्टलवर चौकट होती: उष्मारोध, मेट्रिकमध्ये,
दशांशानंतर दोन घरं,
रिकामी सोडली तर पान पुढे सरकत नाही.

मी पंचायतीची ऑपरेटर. बारावी सायन्स.
लाईन गेली होती, म्हणून पावतीच्या पाठीवरच मांडलं.
चौरस फुटाचे चौरस मीटर केले.
त्यांच्या तासाभराच्या उष्णतेचे वॅट केले.
तिकडे म्हणे पौंडभर पाणी एका अंशानं तापवतात
आणि त्याला माप म्हणतात.
दोन पेले पाणी.
आमच्या टाकीतलं तर अकरा वाजता चटका देतं.

फॅरनहाइटपाशी आले,
हात सवयीनं बत्तीस वजा करायला निघाला.
थांबले.
इथं बत्तीस लागत नाहीत.
बत्तीस लागतात कोण कुठे उभं आहे ते सांगायला.
हा आकडा एवढंच विचारतो:
टिनावर किती, टिनाखाली किती,
दोघांत फरक किती.
कोणाचं शून्य कुठे पुरलंय
याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.
असा हिशेब गावात मी पहिल्यांदाच केला.

पाच दशांश सहा सात आठनं भागलं.
तीन दशांश तीन पाच.

सरपंच नेहारे खांद्यावरून वाकून बघत होते.
"एकोणीसचे तीन?
मंग मधातले सोळा कोनं खाल्ले?"

रज्जाक मिस्त्रीनं टेप गुंडाळला.
त्याच्या टेपवर वरून इंच, खालून सेंटिमीटर,
तो वरचंच वाचतो, खालचं पोरांसाठी आहे म्हणतो.
मी फूट सांगितले, मीटर सांगितले,
पायली आणि किलो सांगितले.
सरपंच मान हलवत होते, पण नजर गठ्ठ्यांवर,
कोणी मधून लोकर काढून घेतली का ते पाहत.

तेव्हा सुकेशनी बोलली. सेविका.
कडेवर दुर्योधनचं पोरगं, काखेत थर्मामीटर धरून.
"याले एकशे दोन हाये.
बाहेर आज शेहेचाळीस हाये.
मंग हे लेकरू का उन्हाच्या दुप्पट तापलं, दाजी?"

सरपंचांनी तंबाखू चोळली.
बराच वेळ चोळली.
"लिही मंग तीन," म्हणाले,
"पण शेरा मार, की माल पूरा भेटला."

शेरा मारला.
शेऱ्याची चौकट मोठी असते, तिथं काहीही चालतं.

नवतप्याच्या चौथ्या दिवशी काम संपलं.
दुपारी दोनला मी नुसतीच जाऊन बघितलं.
चौदा पोरं, चौदा तोंडं उघडी,
सतरंजीवर ज्याचा पाय त्याच्या अंगावर नाही.
टिनावर ऊन तसंच कडकडत होतं,
एक मैना त्यावर बसली आणि बसल्या पायी उडाली.
आत येणारं ऊन थांबलं नव्हतं,
थांबवतो असं कोणी म्हटलंही नव्हतं.
पण आता येत होतं
जरा उंबऱ्यात चपला काढून.

फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, कैचीपाशी,
गठ्ठा तीन सूत कमी पडला होता.
तिथून एक बारीक तापलेली रेघ
सरळ सुकेशनीच्या रजिस्टरवर उतरायची.
मिस्त्री शिडीवर चढला.
खिशातून मूठभर कापूस काढला, सरकीसकट,
कुठून आणला देव जाणे,
आणि अंगठ्यानं फटीत दाबला.

"याचा किती लिहू?" मी खालून विचारलं.
तो अजून हात खाजवत होता.
"याचा नको लिहू," म्हणाला,
"हा आपला हाये."