पांढरा लाव

लोहार चाळीत डिसेंबर लागला की
दुकानांच्या पोटातून रंग बाहेर लोंबतात,
रंगपंचमी महिना चुकल्यासारखी.

एकतीस वर्षं मी बेस्टच्या खांबांवर काढली,
म्हणून मरोळ गावठाणाने यादी माझ्या हातात दिली:
एक तारा. क्रुसापासून गोठ्यापर्यंत सरकला पाहिजे.
एक उंट. चालला पाहिजे.
अक्षर ॲन्सिलाचं, आणि खाली दोन रेघा मारून:
अंकल, स्वस्त नको. अंकल, महागही नको.

दामजीने आधी लाल लावला.
मग हिरवा, निळा, मग काउंटरवरून
इंद्रधनुष्य पळवलं, मोर नाचवला.
मी म्हटलं, पांढरा लाव.
गुंडाळी सोड, पूर्ण माळ, पूर्ण उजेड.
"काका, पब्लिकला रंग पाहिजे."

पब्लिकला हवा तर असू दे.
लाल एकट्याने जळतो, त्याला फार लागत नाही.
पांढऱ्यात तिघं एकदम जेवायला बसतात,
तेव्हाच कळतं घरात किती शिजलंय.

इर्शादने माळ फरशीवर सोडली,
पायरीवरून खाली, हातगाडीच्या चाकापर्यंत.
पहिला दिवा दुधासारखा.
चाळिसाव्यावर साय धरली.
ऐंशीव्यात कुणी चहा ओतला,
आणि शंभरावा लालसर, डोळे आल्यासारखा.
पाच व्होल्ट. वाटेतच दम संपला.
मी खिशातलं ब्लेड काढून वायर खरवडली:
वर तांबं, आत ॲल्युमिनियम.
दामजी पंख्याकडे बघत राहिला.

आमच्या बोस्त्याव किणीचा तारा
दिव्यांनी नाही, ढोलाने चालायचा.
लाकडी ढोल, त्यावर पितळेच्या पट्ट्या,
जुन्या टेबलफॅनची मोटर.
पट्टी फिरली की एक बल्ब विझे, पुढचा पेटे.
वीज गेली तर बॅटरी जोडून तो हाताने फिरवायचा,
कोटाच्या आत घामाने चिंब.
हलत कधीच काही नव्हतं.
बघणारे मात्र मान वळवत गोठ्यापर्यंत जायचे.
पट्ट्यांचा हिशेब त्याने कुणाला सांगितला नाही,
आणि मीही, खरं म्हणजे, विचारला नाही.
तो गेला, त्यानंतर सहा नाताळ
तारा क्रुसावर एकाच जागी उभा.

बारा व्होल्टची काढ, मी म्हटलं. जाड तारेची.
इर्शाद माळ्यावर चढला, दोन प्रकार घेऊन उतरला.
ॲन्सिला फोनवर समजावत होती:
अंकल, पहिल्या दिव्याकडे सगळ्यांची चिठ्ठी येते.
तो आपली ओळ वाचून फाडून ठेवतो,
उरलेली पुढे देतो. असं शेवटपर्यंत.
मधला एक गेला की चिठ्ठी तिथेच राहते,
पुढच्यांना कळतच नाही काय करायचं.
दुसऱ्या प्रकारात एक तार जास्त असते,
ती मेलेल्याच्या मागच्याकडून घेते.

दिव्यामागे तीन रुपये जास्त.
दिवे चौदाशे.
उंटालाच सहाशे, कारण तो एक नाही,
तीन उंट एकावर एक, पाय वेगळे,
आळीपाळीने उजळायचे.
कुलकुल विकून जमलेले पैसे पाकिटात,
ते मी दोनदा मोजले. बेचाळीसशे कमी.
माझ्या पेन्शनचा आकडा इथे सांगत नाही.

ही माळ पांढरी लावली.
पहिला दूध. शंभरावा दूध, जरासं कोमट.
मग मी इर्शादकडे पक्कड मागितली
आणि एक्केचाळिसावा दिवा धरून चुरडला.
दामजी उठून उभा राहिला.

चाळीस जळत होते.
मग एक काळं बोट.
मग एकोणसाठ, पायरीवरून खाली,
हातगाडीच्या चाकापर्यंत.

दामजीने बिलात तो दिवाही धरला.
मी दिले.