ऐंशी लिटर

नवतप्याचा चौथा दिवस. हुडकेश्वर रोडला
पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी, आतली बाकडी उपटलेली.
पूर्वी हिच्यात बसून कुणी गावोगावचे डोळे तपासायचे.
मागच्या दाराला आतून तक्ता अजून चिकटलेला,
वरची अक्षरं हाताएवढी, खालची मुंगीएवढी.
शोभना रोज चष्मा काढून एक ओळ जास्त वाचते
आणि पराते म्हणतो, बाई, पाठ झालं तुमाले.

पराते कूलरवाला.
बापाचा माग मोडला तेव्हा घरात पत्रा आला,
तेव्हापासून टाक्याच टाक्या, पण सगळ्या उभ्या जागी.
चालती टाकी पहिलीच.

मीही पाण्याचाच माणूस.
एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन,
नंदनवनची लाईन पहाटे चारला, पुढची पावणेसहाला.
चावी फिरवायची, कान जमिनीकडे,
खाली पाणी धावू लागलं की सायकल पुढे.
कुणाच्या हंड्यात किती पडलं
ते मला शिव्यांवरून कळायचं.
एकदा पचमढीची तिकिटं काढली होती.
मेडिकल चौकात पाईप फुटला.

"मागं नोका ठेवू," पराते म्हणतो,
"ऐंशी लिटर म्हंजे ऐंशी किलो, आन् तेही न बसनारे.
मागं ठेवलं त पुढची चाकं हलकी,
स्टेअरिंग हातात तरंगन."
म्हणून टाकी ॲक्सलच्या वर, पलंगाखाली,
शोभनाच्या बाजूला.
आत दोन आडपत्रे, भोकं पाडलेले,
पाण्यानं धडक मारावी पण दमानं.
"भरेल टाकी गप राह्यते. रिकामी बी गप.
अर्धी लय बोलते, मोडावर ढकलते मानसाले."
मला आमचे एक डेप्युटी इंजिनिअर आठवले.

हवेच्या नळीवर अडलं.
पाण्याच्या टाकीला वरून भोक कशाला,
चिलटं जातील, शोभनाला पटेना.
परातेनं कूलरमध्ये बाटली बुडवली, भरली,
तिच्यासमोर उलटी धरली.
गुडूक. थांबली. गुडूक. थांबली.
"पाह्यलं? आत वारा गेल्याबिगर
बाहेर पानी येत नाई."
ती रिकाम्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, जाळी लावा मात्र.

रविवारी दुपारी लोखंड कमी पडलं.
दुकानं बंद, वेल्डिंग अर्धं,
टाकी जॅकवर तोललेली.
शोभना रिक्षा करून घरी गेली
आणि दाराआडची माझी चावी घेऊन आली.
ऑफिसची मी जमा केली होती. ही जुनी,
हातभर टी, कंबरभर दांडा,
मुठीला माझ्याच तळव्याची झीज.
कुणी मला विचारलं नाही. कुणी विचारावं
असं मी उभाही नव्हतो, पाठ करून
तक्त्यावरची तिसरी ओळ वाचत होतो.
कटर लागला. ठिणग्या काचेवर दिसल्या.
दांड्याचे दोन तुकडे टाकीखाली आडवे गेले.
टी मात्र परातेनं माझ्या हातात दिला,
"हे राहू द्या. कामाचं नाई."

सोमवारी भरली.
जोडावर एक थेंब, पुसला की पुन्हा एक.
टेप गुंडाळली. पुन्हा एक.
परातेनं चपलेचं रबर कापून घातलं, मग थांबला.

मानेवाड्याच्या गतिरोधकांवरून
मी गाडी हळू काढली.
खाली पाणी आडपत्र्याला धक्का देत होतं,
मला तो आवाज ओळखीचा, फक्त आता
जमिनीत नाही, माझ्या पाठीशी.
ऐंशी लिटर. दोघांना तीन दिवस,
शोभना भांडी घासेल तर दोन.

रिंग रोडच्या कडेला कडुनिंबाखाली थांबलो.
बारा व्होल्टचा पंप घुरघुरला,
नळानं आधी वाराच थुंकला,
आणि मागून तिचा आवाज आला, तोच,
जो एकतीस वर्षं गल्ल्यागल्ल्यांतून
मी सायकलवरून दूर जाताना ऐकला होता,
कधी शेजारणीचा, कधी अनोळखी बाईचा:
अहो, आलं.
आणि लगेच,
गरम आहे पण. आणि प्लास्टिकचा वास येतो.