तिसरा भाग

हर्णैच्या वाचनालयात जादूगार पोराचे चार भाग आहेत:
पहिला, दुसरा, चौथा, पाचवा.
तिसरा नोंदवहीत आहे, कपाटात नाही.
त्याच्यापुढे माझ्या आधीच्या ग्रंथपालांची पेन्सिल:
शोधणे.

खाली मच्छीमार सोसायटी, वर आम्ही.
पुस्तकांना डांबरगोळ्यांचा वास,
डांबरगोळ्यांना सुकटीचा.

मितेश चोगले, आठवी ब,
बर्फाच्या कारखान्यातून थेट जिना चढतो.
बोटांची टोकं पांढरी पडलेली,
पानाला लावण्याआधी हात चड्डीला पुसतो.
“तिसरा आला?”
त्याचा आवाज हल्ली मध्येच फाटतो, जुन्या शिडासारखा.
मग तो खोकल्याचं नाटक करतो
आणि मी शिक्का शोधण्याचं.

मी विचारायचे, काय असतं रे एवढं त्यात?
काठ्या, धूर, उलटसुलट मंत्र.
“तसं नाही मॅडम.”
तसं नाही म्हणजे कसं
ते त्याला सांगता यायचं नाही.

बंदीचे दिवस होते, होड्या वर ओढलेल्या.
मी पहिला भाग घरी नेला, नुसता चाळायला म्हणून.
रात्री दोनला वीज गेली तेव्हा
उठून मेणबत्ती शोधली.

त्यात एक पोर आहे.
मंत्र म्हणताना त्याचा आवाज फाटतो
आणि अर्धा डोंगर जागचा सरकतो.
चूक करतो तो, चांगली घसघशीत चूक,
पण गप बस, तुला काय कळतं,
असं कुणी म्हणत नाही.
म्हातारे जादूगार खुर्च्या ओढून बसतात त्याच्यासमोर
आणि विचारतात,
आता काय करायचं? तू सांग.

मला मितेशचा बाप आठवला.
वाईट नाही माणूस.
पाटी उचलताना म्हणतो, आता मोठा झालास.
बोट खरंच विकायची का, असं पोराने विचारलं
तर म्हणतो, लहान आहेस, लहानासारखा राहा.
या दोन वाक्यांच्या मध्ये
होडी आणि धक्का यांच्यात असते तेवढीच फट,
आणि सगळी आठवी ब तिथे उभी,
पाय भिजवत.
पुस्तक लिहिणाऱ्याला ती फट ठाऊक आहे.
बाकी धूरच.

ऑगस्टात वाळवी लागली म्हणून कपाट हलवलं.
मागे तिसरा भाग, भिंतीला चिकटलेला.

मी हाक मारणार होते,
पण जिन्याखाली मितेश तिसरा भाग सांगत होता,
शाइस्ता मुकादमला आणि आणखी चौघांना.
त्यात सुवर्णदुर्ग रोज रात्री
चार वाव किनाऱ्याकडे सरकत होता
आणि हे फक्त त्या पोराला दिसत होतं.
शाइस्ता मध्येच म्हणाली, चार नाही, पाच.
त्यांनी पाच केले.

खरा तिसरा मी वाचला.
त्यात एक राजा आहे, लढाई आहे.
बरा आहे.

तरी नियम तो नियम. शिक्का मारून पुढे केला.
त्याने उलटवून पाहिला, वास घेतला.
नवव्या दिवशी परत.
“वाचलास?”
“नाही.” आवाज फाटला. खोकला नाही.
“शाइस्तापण नको म्हणाली.”

एक दिवस उशीर, दंड एक रुपया.
त्याने सुटे काढले,
टेबलावर एकेक नाणं मांडलं,
आणि मी मोजून होईपर्यंत
उभा राहिला.