मद क्रमांक चार

चिटणिसांच्या गोठीतल्या आमच्या बालमंदिराच्या
मान्यतेचं नवीनीकरण आहे.
अर्ज सतरा पानी, हिंदीत.
मी मराठीत विचार करत भरते,
त्यामुळे मधूनमधून ठेचकाळते.

उदाहरणार्थ, 'मद'.
मद क्रमांक चार : खेळणी. मद क्रमांक सात : डागडुजी.
एका मदातला पैसा दुसऱ्यात वळवता येणार नाही.
आमच्या भाषेत मद हत्तीला चढतो.
इथे तो अठ्ठावीस मार्चला बँकेत येतो
आणि एकतीसच्या संध्याकाळी
पावतीसकट उतरवावा लागतो.
म्हणून गेल्या वर्षी, छताची पटिया तडकलेली असताना,
आम्ही लाकडी हत्ती घेतले. नऊ.
बेनीबाई म्हणाली, दहावा घ्या, छत धरायला.

पान सहा : प्रति बालक क्षेत्रफळ.
दिघ्यांनी टेप आणली, सुर्रकन आत पळणारी.
तिचं टोक रुद्र कुशवाहाने भिंतीशी दाबून धरलं
अंगठ्याने, श्वास रोखून,
जणू त्याने सोडलं तर भिंत निघून जाईल.
ताणलेल्या पट्टीखालून झोया वाकून गेली,
परत आली, परत गेली.
दिघ्यांनी भागाकार कागदावर केला, मग मोबाइलवर,
मग पुन्हा कागदावर.
एकोणीस.
पटावर बावीस.

दोनातून नऊ जात नाहीत,
शेजारून दशक उसना घ्यावा लागतो.
आमच्या शेजारी पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आहे,
ते काय देणार.

कोणते तीन, हे अर्ज विचारत नाही.
रात्री मीच विचारत बसले.
उशिरा येणारे? फी थकलेले?
की मृणाल खळदकर, जी अजून बोलत नाही
आणि म्हणून जागाही जरा कमीच घेते?
हे सुचलं तेव्हा उठून पाणी प्यायले.

सकाळी कपाट बाहेर काढलं. बाजाची पेटी पडवीत.
माठ राहू दिला, पान नऊ : पेयजल कक्षातच.
हत्ती दिघ्यांच्या घरी गेले,
स्कूटरवरून, दोन खेपांत.
शेवटी माझं टेबल, एक खण कधीच न उघडणारं.
चौघांनी उचललं तेव्हा खालून
एकवीस वर्षांपूर्वीची फरशी निघाली,
पाय न लागलेली, भोवतीपेक्षा उजळ.
मुलं धावत येऊन आधी तिथेच बसली.

पुन्हा टेप. पुन्हा रुद्र.
बावीस, आणि वर चार बोटं.

भदौरिया साहेब मंगळवारी आले,
पंचेचाळीस डिग्रीत, फाइल डोक्यावर धरून.
शौचालयाची उंची मापली.
अग्निशामक नळकांड्यावरची तारीख वाचली.
मग म्हणाले, मॅडम, आप कहाँ बैठती हैं?
मी उंबरठा दाखवला.
त्यांनी परिपत्रक उलटंपालटं करून पाहिलं.
उंबरठा आत धरायचा की बाहेर,
त्यावर कुणीच काही लिहिलेलं नव्हतं.
पान अकरा : प्रधानाध्यापिका हेतु पृथक कक्ष, हाँ अथवा नहीं.
त्यांनी पेन उघडलं, मिटलं,
आणि गुडघ्यावर हात टेकत माझ्या शेजारी बसले.

आत मृणाल कपाटाच्या जागेवर झोपली होती,
हातपाय चारी दिशांना,
स्वतःचं क्षेत्रफळ पुरतं वापरून, थोडं झोयाचंही.
साहेब तिच्याकडे बघत राहिले.
मला वाटलं, झालं.

तेवढ्यात त्यांना साठा-नोंदवही आठवली.
मद क्रमांक चार, हाथी, नग नौ.
नग कहाँ हैं?

दिघे स्कूटरला लाथा मारू लागले.

दोन खेपा. आत ठेवावेत
तर बावीसचे पुन्हा एकोणीस.
म्हणून एकेक करून उंबरठ्यावरच मांडले,
सोंडा रस्त्याकडे.
दारी हत्ती झुलतात म्हणतात, ते हेच असावं.

साहेब उठले, मोजू लागले.
मीही उठले.
नवव्याला जागा हवी होती.