मूळच्या कुठल्या?

वेताळ टेकडीवर, खाणीच्या कडेला,
उंदीरमारीची कोवळी पानं खुडते,
चहाच्या रिकाम्या पिशवीत भरते.
झाड क्रमांक एकेचाळीस.

फिरायला आलेले करंबेळकर काका थबकतात:
"परकं झाड हे. खाली गवतसुद्धा उगवू देत नाही."
मग मला: "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

प्रयोगशाळेत फ्रीज घुरघुरतो.
पडद्यावर रंगीत रेघा:
अख्ख्या टेकडीची आई एकच,
समुद्रापलीकडची.
कुणाच्या तरी खिशातून, मुक्कामामुक्कामाने आलेली.
मधला एक मुक्काम काही केल्या सापडत नाही.
तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

आमच्या वंशावळीतही
पणजीच्या माहेराची जागा कोरीच आहे.

फाल्गुनात पुन्हा गेले, तर
एकेचाळीसवर एक पान नव्हतं,
नुसती गुलाबी फुलं, शेंड्यापर्यंत.
काका फोटो काढत होते,
माझ्याकडे पाठ करून.