रात्रपाळी, वार्डो

कागदावर लिहिलंय: तीन मिनिटं, मग पाच, मग सात.
उचलायचं नाही. दिवा लावायचा नाही.
पाठीवर हात ठेवायचा, दोन शब्द बोलायचे, बाहेर यायचं.
आरोग्यकेंद्रातल्या टोरिलबाईंनी
'उचलायचं नाही'खाली दोनदा रेघ ओढली,
माझ्याकडे बघून, माझा स्वभाव ओळखून.

दिव्याचा तर इथे प्रश्नच नाही.
जून आहे. सूर्य मावळायचं विसरून
रात्री दीड वाजताही जाळ्यांच्या गोदामावर
ठाण मांडून असतो.
सुन्निवाच्या खिडकीला मी स्वयंपाकघरातल्या चंदेरी कागदाची
अख्खी गुंडाळी चिकटवली.
तरी एका कोपऱ्यातून सुरीच्या पात्याएवढा उजेड येतो
आणि तिच्या गादीवरून हळूहळू सरकत जातो.

आठ महिन्यांची आहे. दोन दात.
तिची आई राग्नी ट्रॉलरवर, इंजिनात,
अस्वलबेटाच्या पलीकडे कुठेतरी,
अजून सोळा दिवस.
जाताना म्हणाली, मी येईस्तोवर शिकव तिला झोपायला.
जणू झोप म्हणजे बुटाची नाडी.

पहिल्या रात्री
जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो,
मांडीवर अंडी उकडायचं घड्याळ, कोंबडीच्या आकाराचं,
मान पिळली की टिकटिकायला लागतं.
आत ती रडत होती, आणि बाहेर
छपराच्या कडेला घरटी केलेले कुरव,
तेही अगदी तसेच, तान्ह्या बाळांसारखे.
दीड मिनिटापर्यंत मला आवाज वेगळे काढता येत होते.
पुढे नाही.
पुढे सगळं गावच रडत होतं
आणि कुणीच कुणाला उचलत नव्हतं.

दुसऱ्या रात्री मी कोंबडीला फसवलं.
पाचाच्या जागी साडेतीन.
उचललं नाही. पण वाकलो इतका
की तिनं माझी दाढी मुठीत धरली
आणि आम्ही दोघं तसेच अडकून राहिलो,
माझी कंबर धरेपर्यंत.

खालच्या मजल्यावर एडवर्ट राहतो.
सकाळी माफी मागायला गेलो.
एकतीस वर्षं दीपगृहावर काढलेला माणूस.
कानाला यंत्र आहे; रात्री काढून ठेवत असेल
असं मी धरून चाललो होतो.
'नाही काढत,' म्हणाला. 'ऐकतो की.'
कॉफी ओतली. बराच वेळ काहीच नाही.
मग म्हणाला,
'आमचा दिवा वीस सेकंदांनी फिरून यायचा.
मधे अंधारच.
खलाशांना त्याचं काही वाटायचं नाही.
मोजत असायचे ते.'
आणि उन्हाळ्यात?
'उन्हाळ्यात दिवा बंद. कोण बघणार!'
मग झोपत असाल तुम्ही.
तो हसला. 'छे. डोळा कुठला लागतोय.'

तिसरी रात्र सांगण्यासारखी नाही.
तीन, पाच, सात, सात, सात, सात.
दर वेळी तेच दोन शब्द: आलो. आहे.
ती मोजत होती का, ठाऊक नाही.
तिला एकही आकडा येत नाही.

आज दोन वाजून दहा मिनिटांनी जागी झाली.
मी कोंबडीची मान पिळली.
आतून एक हुंकार, गादीवर टाच आपटल्याचा आवाज,
मग स्वतःशीच काहीतरी, बऽ बऽ,
कुणाविरुद्ध तक्रार नसल्यासारखं.
मग तेही नाही.

कोंबडी वाजली तेव्हा मी उठलोच होतो.
आत जायला कारण नव्हतं.
दाराच्या फटीशी उभा राहिलो, जिवाचा कान करून.
श्वास होता.
ती उजेडाची तिरीप
तिच्या उघड्या टाचेवर येऊन थांबली होती.

जे शिकवायचं होतं ते तिनं शिकून टाकलं
आणि माझ्याकडे उरली सात मिनिटं,
कुणालाच नको असलेली.

खाली एडवर्टच्या लाकडी जमिनीवर पावलं करकरली.
नळ सुटला. किटली ठेवल्याचा आवाज.
त्यालाही कळलं असणार, आज शांत आहे.
कोंबडी खिशात घालून,
वाजणारी तिसरी पायरी चुकवत
मी जिना उतरलो.